केमो लागणारच आहे का?

फेब्रुवारी महिना, निफाडकडे द्राक्षांची तोडणी जोरात चाललीये, आणि नाशिकला मुंबई नाक्याजवळच्या एका दवाखान्यात छप्पन वर्षांच्या एक काकू मांडीवर फाईल घेऊन बसल्यात. ब्रेस्ट कॅन्सरचं ऑपरेशन झालंय, गाठ दोन सेंटिमीटरची, काखेतल्या गाठींत (लिम्फ नोड्समध्ये) कॅन्सर सापडला नाही. घरच्यांनी मात्र धरूनच ठेवलंय की आता केमो, केस जाणार, उलट्या होणार. काकू डॉक्टरांना एवढंच म्हणतात, "केमोला नाही म्हणत नाही मी, पण मला ती लागणार आहे का तेवढं सांगा."

हे प्रत्येकीने विचारायलाच हवं, आणि खरं तर तिने विचारायच्या आधीच तिला कोणीतरी सांगायला हवं.

काकूंचा रिपोर्ट: ईआर पॉझिटिव्ह, पीआर पॉझिटिव्ह (ईआर-पीआर म्हणजे गाठीच्या पेशींवरचे इस्ट्रोजेन आणि प्रोजेस्टेरॉन हार्मोनचे रिसेप्टर), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे पेशीवरचं एक प्रोटीन). म्हणजे हार्मोनवर वाढणारी गाठ, इथे मुख्य काम हार्मोनची गोळी करते, रोज एक, निदान 5 वर्षं. केमोने त्यावर अजून किती फायदा होईल ते नुसत्या गाठीच्या साईजवरून नीट कळत नाही, म्हणून जीनोमिक टेस्ट, म्हणजे गाठीतल्या जीन्सची तपासणी, करतात. ऑन्कोटाईप डीएक्स ही अशीच एक टेस्ट, ती गाठीतली 21 जीन्स किती ॲक्टिव्ह आहेत ते बघते आणि 0 ते 100 मधला एक स्कोअर देते, स्कोअर जितका जास्त तितका केमोचा फायदा जास्त. ट्रिपल निगेटिव्ह (ईआर, पीआर, हर-टू तिन्ही निगेटिव्ह) किंवा हर-टू पॉझिटिव्हवाल्यांसाठी ही टेस्ट नाही.

परत सुई टोचायची गरज नसते. ऑपरेशनमध्ये काढलेल्या गाठीचा तुकडा पॅथॉलॉजी लॅबमध्ये मेणात बसवून ठेवलेला असतो, काडेपेटीएवढी प्लास्टिकची चौकट, कडेला नंबर, ह्यालाच ब्लॉक म्हणतात. तोच अमेरिकेला जातो. हॉस्पिटल बदलताना रिपोर्टसोबत ब्लॉकही मागून घ्या.

2018 मध्ये टेलर-एक्स ट्रायलचा निकाल आला, काखेत काही नसलेल्या दहा हजारांवर बायका त्यात होत्या, आणि 11 ते 25 स्कोअरवाल्यांना नुसत्या हार्मोनच्या गोळीनेही केमो आणि गोळी दोन्ही घेतलेल्यांइतकाच फायदा झाला. पण पन्नाशीच्या आतल्यांना 16 पासून पुढे केमोचा थोडा उपयोग दिसला, त्यामुळे पाळी चालू असेल तर हिशोब वेगळा. काखेतल्या 1 ते 3 गाठींत कॅन्सर असेल तरी पाळी गेलेल्यांना 25 पर्यंत केमोने फायदा होत नाही, हे 2021 च्या आरएक्स-पाँडर ट्रायलने दाखवलं.

खर्च लाखांत जातो, आणि द्राक्षाच्या भावावर घर चालवणाऱ्यांना तो झेपत नाही, हे मनाला फार लागतं. बंगळुरूला तयार झालेली कॅनअसिस्ट ब्रेस्ट नावाची टेस्ट स्वस्त पडते, ती जीन नाही, 5 प्रोटीन बघते. डॉक्टरांना दोन्हींबद्दल विचारा.

काकूंचा स्कोअर 17 आला. केमो नाही, लेट्रोझोल ही हार्मोनची गोळी सुरू, आणि तिने हाडं ठिसूळ होऊ शकतात म्हणून सोबत हाडांची तपासणी. त्याच आठवड्यात सिन्नरच्या एका शिक्षिकेचा स्कोअर आला 31, तिथे केमोचा फायदा पक्का, तिने शाळेत रजेचा अर्ज दिला आणि सोमवारी केमोची पहिली सायकल (फेरी) घेतली.