भाकीत विजेत्यापासून सुरू करावे

श्रोतेहो, अमेरिकेत राहणाऱ्या आपल्यापैकी अनेकांची कॉलेज बास्केटबॉलशी पहिली गाठ मैदानावर पडत नाही. मार्च महिन्यात कार्यालयातला एखादा सहकारी चौसष्ट संघांच्या नावांचा तक्ता पुढे सरकवतो आणि गुरुवारी दुपारच्या आत भरून मागतो, तेव्हा ती पडते. त्या तक्त्याला ब्रॅकेट म्हणतात. कोणता संघ कोणाला हरवणार, हे पहिल्या फेरीपासून अंतिम सामन्यापर्यंत एकाच बैठकीत लिहून द्यायचे आणि नंतर तीन आठवडे त्यात एका अक्षराचाही फेरफार करायचा नाही, असा हा खेळ आहे. तो तक्ता भरण्याची एक विचारपूर्वक पद्धत असू शकते, असे मला मनापासून वाटते आणि तीच आज मांडायची आहे. माझे म्हणणे थोडक्यात असे, की तक्ता पहिल्या फेरीपासून न भरता विजेत्यापासून उलट दिशेने भरत आणावा.

आधी स्पर्धेची घडण सांगतो. एनसीएए, म्हणजे अमेरिकेतील कॉलेज खेळांची संघटना, हिची ही स्पर्धा 1939 मध्ये आठ संघांनिशी सुरू झाली आणि ओरेगन विद्यापीठ तिचे पहिले विजेते ठरले. 1985 पासून तिच्यात चौसष्ट संघ खेळू लागले आणि 2011 पासून अडुसष्ट. जादा चार संघ डेटन, ओहायो येथील प्राथमिक सामन्यांत गळतात आणि मग चौसष्टांचा खरा तक्ता सुरू होतो. निवड समिती चार विभाग पाडते आणि प्रत्येक विभागातील सोळा संघांना एक ते सोळा असे मानांकन देते. पहिला सोळाव्याशी, दुसरा पंधराव्याशी, पाचवा बाराव्याशी आणि आठवा नवव्याशी अशा लढती लागतात. एक पराभव झाला की संघ घरी जातो. व्यावसायिक एनबीएच्या बाद फेरीत सात सामन्यांची मालिका असते आणि तिथे सरस संघाला सावरायला वेळ मिळतो. इथे तो मिळत नाही.

चौसष्ट संघांचे त्रेसष्ट सामने होतात. प्रत्येक सामन्याचा निकाल नाणे उडवून लिहिला, तर तक्ता भरण्याचे एकूण प्रकार सुमारे 92 हजार कोटी कोटी होतात. आपण नाणे उडवत नाही, थोडेफार जाणून लिहितो, म्हणून हिशेब जरा बदलतो. पण प्रत्येक सामन्यात अचूक ठरण्याची शक्यता 70 टक्के धरली, तरी संपूर्ण तक्ता बिनचूक येण्याची शक्यता साधारण 570 कोटींत एक इतकीच उरते. 2014 मध्ये वॉरन बफे यांच्या पाठबळावर बिनचूक तक्त्यासाठी एक अब्ज डॉलरचे बक्षीस जाहीर झाले होते आणि ते कोणालाच द्यावे लागले नाही. 2019 मध्ये ओहायोतील एका गृहस्थांचे पहिले 49 सामने सलग बरोबर आले. पन्नासावा सामना टेनेसी आणि पर्ड्यू यांचा होता. वेळ संपायला दोन सेकंदही उरले नव्हते, पर्ड्यूचा कार्सन एडवर्ड्स तीन गुणांचा प्रयत्न करताना त्याच्यावर फाउल दिला गेला, त्याने तीनपैकी दोन फ्री थ्रो टाकून बरोबरी साधली आणि जादा वेळेत पर्ड्यूने सामना 99-94 असा जिंकला. त्या गृहस्थांनी टेनेसी लिहिले होते. तेव्हा बिनचूकपणाचा ध्यास सोडून द्यावा. आपली शर्यत विश्वाच्या गणिताशी नसते, शेजारच्या टेबलावरच्या माणसाशी असते.

त्या माणसापुढे जायचे, तर गुण कसे दिले जातात याकडे पाहावे लागते, आणि बहुसंख्य लोक नेमके हेच पाहत नाहीत. सर्रास प्रचलित पद्धत अशी: पहिल्या फेरीतील अचूक अंदाजाला एक गुण, दुसऱ्या फेरीत दोन, मग चार, आठ, सोळा आणि अंतिम सामन्याला बत्तीस. सामने निम्मे होत जातात आणि गुण दुप्पट होत जातात, त्यामुळे प्रत्येक फेरीचे वजन सारखेच, म्हणजे 32 गुण राहते, आणि एकूण गुण होतात 192. आता विजेता एकटा घ्या. तो सहाही सामने जिंकतो. एक, दोन, चार, आठ, सोळा आणि बत्तीस मिळून तुम्हाला 63 गुण देतो. हा संपूर्ण तक्त्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग झाला. उपविजेताही बरोबर ओळखला, तर त्याचे पाच विजय आणखी 31 गुण आणतात. दोन नावे बरोबर आणि 192 पैकी 94 गुण पदरात. उलट पहिल्या फेरीचे बत्तीसच्या बत्तीस निकाल ओळखणाऱ्याला त्या फेरीचे म्हणून मिळतात फक्त 32. तरीही लोक रविवारी रात्री मानांकने जाहीर झाल्यावर बाराव्याने पाचव्याला पाणी पाजावे का, यावर तासन्‌तास खल करतात आणि विजेत्याचे नाव शेवटच्या दोन मिनिटांत, आवडत्या रंगाच्या जर्सीकडे पाहून लिहून टाकतात.

विजेता निवडायचा कसा? 1985 पासून 2025 पर्यंत, 2020 ची रद्द झालेली स्पर्धा वगळता, चाळीस स्पर्धा झाल्या. त्यांतील 26 वेळा अग्रमानांकित संघ जिंकला. यात 2013 चे लुइव्हिलचे विजेतेपद मी धरले आहे, जे पुढे नियमभंगामुळे रद्द करण्यात आले, पण मैदानावरचा निकाल तोच होता. चौथ्या मानांकनाच्या खालचा संघ चाळीस वर्षांत केवळ तीनदा विजेता झाला: 1985 मध्ये आठवे मानांकन असलेले व्हिलानोव्हा, 1988 मध्ये सहावे कॅन्सस आणि 2014 मध्ये सातवे कनेक्टिकट. व्हिलानोव्हाने त्या रात्री जॉर्जटाउनविरुद्ध 28 पैकी 22 फटके बास्केटमध्ये टाकले आणि तरीही सामना जिंकला तो दोनच गुणांनी, 66-64. दुबळ्या मानलेल्या संघाला विजेतेपदासाठी किती असामान्य खेळावे लागते, हे या एका आकड्यावरून दिसते.

मानांकन पहिली चाळणी झाली. दुसरी चाळणी केन पॉमरॉय यांच्या आकडेवारीची. हे गृहस्थ मूळचे हवामानशास्त्राचे अभ्यासक, आणि शक्यतेच्या भाषेत बोलण्याची सवय त्यांना तिथूनच लागली असावी, असे मला नेहमी वाटते. त्यांची मूळ कल्पना साधी आहे. संघाने सामन्यात किती गुण केले हे न पाहता, चेंडूचा ताबा शंभर वेळा मिळाल्यावर तो किती गुण करतो आणि प्रतिस्पर्ध्याला किती करू देतो, हे प्रतिस्पर्ध्याची ताकद लक्षात घेऊन मोजायचे. त्यामुळे वेगवान खेळणाऱ्या संघाचे फुगलेले गुण आणि संथ खेळणाऱ्याचे आखडलेले गुण एका पातळीवर येतात. गेल्या वीस-बावीस वर्षांतील जवळजवळ सगळे विजेते आक्रमण आणि बचाव या दोन्ही याद्यांत वरच्या भागात होते. केवळ आक्रमणावर तरंगणारा संघ दोन-तीन फेऱ्या मारतो आणि जिथे फटके लागत नाहीत त्या संध्याकाळी बुडतो. कनेक्टिकटने 2023 आणि 2024 मध्ये सलग विजेतेपदे मिळवली, तेव्हा दोन्ही वर्षांत स्पर्धेतला त्यांचा एकही सामना तेरापेक्षा कमी गुणांच्या फरकाने सुटला नाही. दोन्ही अंगांनी भक्कम संघ असा दिसतो.

आता धक्कादायक निकालांकडे येतो, कारण या स्पर्धेवरचे आपले प्रेम त्यांच्यामुळेच आहे, आणि ते मला कमी लेखायचे नाही. 16 मार्च 2018 रोजी शार्लट येथे यूएमबीसी, म्हणजे मेरीलँड विद्यापीठाच्या बाल्टिमोर काउंटी शाखेच्या संघाने, व्हर्जिनियाला 74-54 असे हरवले. तोवर सोळाव्या मानांकनाच्या पुरुष संघाने पहिल्याला कधीही हरवले नव्हते, आणि व्हर्जिनिया तर चारही अग्रमानांकितांत अव्वल होता. मध्यंतराला गुणफलक 21-21 होता. दुसऱ्या अर्ध्यात यूएमबीसीने 53 गुण केले. जायरस लाइल्सचे एकूण 28, आणि संघाचे तीन गुणांचे 24 पैकी 12 प्रयत्न सफल. याला लोक चमत्कार म्हणतात. मला मात्र त्यात कारणे दिसतात. व्हर्जिनिया देशातील सर्वांत संथ खेळणाऱ्या संघांपैकी होता. ताबा जितक्या कमी वेळा बदलतो, तितकी सरस संघाला आपली सरसता सिद्ध करण्याची संधी कमी मिळते. कुस्ती एकाच पकडीवर ठरवायची म्हटली, की हलक्या पैलवानाचे फावते, तसेच हे आहे. त्यात त्यांचा डिआन्ड्रे हंटर मनगटाच्या दुखापतीने बाहेर होता. प्रतिस्पर्धी दुरून मारा करणारा, आणि तो मारा त्या रात्री लागू पडला. संथ गती, एका मोहऱ्याची अनुपस्थिती आणि तीन गुणांचा सट्टा हे तिन्ही जुळले, की भूकंपाची जमीन तयार होते. पुढच्याच वर्षी तोच व्हर्जिनिया विजेता झाला, हेही विसरू नये.

दुसरा असा निकाल 2023 मध्ये लागला. फेअरले डिकिन्सन हा त्या हंगामातील प्रथम श्रेणीतला सर्वांत कमी सरासरी उंचीचा संघ, आणि समोर पर्ड्यूचा सात फूट चार इंचांचा झॅक ईडी. ईडीने 21 गुण केले आणि 15 रिबाउंड, म्हणजे हुकलेल्या फटक्यांचे चेंडू, पकडले, तरी पर्ड्यू 63-58 असा हरला, कारण त्याच्या सहकाऱ्यांना मोकळे सोडून ईडीभोवती गराडा घातला गेला आणि पर्ड्यूचे तीन गुणांचे 26 पैकी अवघे पाच प्रयत्न लागले. पण हिशेब मांडा: 1985 पासूनच्या अशा 160 सामन्यांत पुरुषांच्या स्पर्धेत हे दोनच अपवाद. महिलांच्या स्पर्धेत हार्वर्डने 1998 मध्ये स्टॅनफर्डला असेच हरवले होते. म्हणून सोळावा संघ लिहू नये. बारावा संघ मात्र साधारण तीन सामन्यांत एकदा पाचव्याला हरवतो, तेव्हा एखादा बारावा अवश्य लिहावा, कारण चुकला तर एकच गुण जातो. आपली भावनिक हौस पहिल्या फेरीत भागवावी. ती तिथे स्वस्त पडते.

आणखी एक गोष्ट गांभीर्याने सांगायला हवी. लहान कॉलेजांच्या पराक्रमाविषयीचे आपले ठोकताळे जुन्या काळातले आहेत. 2021 पासून खेळाडूंना जाहिरातींत स्वतःचे नाव वापरू देऊन पैसे घेता येतात आणि कॉलेज बदलल्यावर वर्षभर बाहेर बसावे लागत नाही. परिणाम 2025 मध्ये स्पष्ट दिसला. शेवटचे सोळा संघ केवळ चार बड्या परिषदांमधून, म्हणजे आपसांत साखळी खेळणाऱ्या कॉलेजांच्या गटांतून, आले आणि अंतिम चारांत चारही अग्रमानांकित पोहोचले: फ्लोरिडा, ह्यूस्टन, ऑबर्न आणि ड्यूक. असे याआधी फक्त 2008 मध्ये झाले होते. विजेत्या फ्लोरिडाचे तीन प्रमुख खेळाडू पाहा. वॉल्टर क्लेटन आयोनाहून आला, विल रिचर्ड बेलमाँटहून, आणि अलायजा मार्टिन फ्लोरिडा अटलांटिकहून, ज्या नवव्या मानांकित संघाने 2023 मध्ये अंतिम चारांत मजल मारली होती. पूर्वी असे खेळाडू आपल्या लहान कॉलेजात चौथ्या वर्षापर्यंत राहत आणि मार्चमध्ये एखाद्या बड्या संघाला लोळवत. आता ते बड्या संघातून खेळतात. या बदलाचे मला दुःख आहे, कारण सेंट पीटर्ससारखे पंधरावे मानांकन असलेले कॉलेज 2022 मध्ये केंटकीला हरवून शेवटच्या आठांत गेले, तो आनंद दुर्मीळ होत जाईल. पण भाकीत करणाऱ्याने दुःख बाजूला ठेवून तक्ता भरायला हवा.

2026 च्या मार्चसाठी माझे अंदाज सांगतो. अंतिम लढती इंडियानापोलिसला आहेत. संघ आणि मानांकने अजून ठरलेली नाहीत, म्हणून मी जागा सांगतो, नावे नाही. चारही अग्रमानांकित पहिली फेरी पार करतील. किमान एक बारावा आणि एक अकरावा संघ जिंकेल. आठव्या-नवव्यांच्या लढतींत डोके शिणवू नये, त्या जवळपास समसमान असतात. शेवटच्या सोळांत बड्या परिषदांबाहेरचे दोनांहून अधिक संघ नसतील. अंतिम चारांत किमान दोन अग्रमानांकित असतील. चारही पुन्हा येतील असे मी लिहिणार नाही, कारण चाळीस स्पर्धांत ते दोनदाच घडले आहे. विजेता पहिल्या किंवा दुसऱ्या मानांकनाचा असेल, आणि त्या रविवारी रात्री पॉमरॉय यांच्या दोन्ही याद्यांत जो पहिल्या वीसांत दिसेल, त्यातूनच मी नाव उचलीन.

तक्त्याच्या तळाशी एक चौकट असते, जिच्यात अंतिम सामन्याच्या दोन्ही संघांच्या गुणांची बेरीज लिहायची असते. गुण सारखे झाले की बक्षीस तिच्यावर ठरते. अनेक लोक तिथे 150 च्या पुढचा आकडा लिहितात. 2022 ते 2025 या चार वर्षांच्या अंतिम सामन्यांच्या बेरजा 141, 135, 135 आणि 128 आहेत, कारण तिथवर पोहोचलेल्या दोन्ही संघांचा बचाव चांगला असतो आणि प्रत्येक ताबा जपून वापरला जातो. मी 136 लिहिणार आहे.