खिशात दोरा घेऊन पक्कड घ्यायला

(दिवाळे गावची जेट्टी. पहाट, ओहोटी.)

बेलापूरचं दिवाळे. सकाळचे सहा वाजून गेलेत, पाणी पार उतरलंय आणि होड्या चिखलात कुशीवर पडल्यात. आम्ही इथे खरं तर जिताड्यासाठी, म्हणजे त्या मोठ्या खाडीच्या माशासाठी, आलो होतो. तीन रविवार आलो, तिन्ही वेळा हात हलवत घरी. त्यामुळे या व्हिडिओत जिताडा दिसणार नाही, आधीच सांगून ठेवतो.

आजचा विषय पक्कड, माशाच्या तोंडातून गळ काढायची आणि दोरा कापायची. ती घेताना काय बघायचं ते सांगतो. आधी हा हात बघा.

(नाखव्यांचा हात, जवळून.)

हे नाखवा. चेहरा नको म्हणाले, नावही नको, म्हणून फक्त हात. गळाला शिंगाळा लागलाय. शिंगाळ्याला तीन काटे, एक पाठीवर आणि दोन बाजूच्या परांना, घाबरला की ते ताठ करून तसेच अडकवून ठेवतो, काट्यांना करवतीसारखे दात आणि वर विष. मला डाव्या मधल्या बोटाला लागलाय एकदा, सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात बोट बुडवून बसलो होतो, असो. हाच शॉट हळू करून परत लावतो. डाव्या हातात तंगूस (नायलॉनचा दोरा) ताणलेला, मासा अधांतरी, पकडीची चोच गळाच्या वाकणावर, आणि गळ ज्या वाटेने घुसला त्याच वाटेने उलटा फिरवला की मासा आपल्या वजनाने सुटून खाली. बोट माशाला लागलंच नाही.

मी विचारलं, नाखवा, एवढी लांब पक्कड कशाला?

"अरं, बोटा तुजी का माजी?"

तर लांबी. सहा इंची खिशात मावते, छोट्या माशाला पुरते. पण शिंगाळा, तांब किंवा (लागलाच तर) जिताडा म्हटलं की सात-आठ इंच हवीत, कारण जिताड्याच्या कल्ल्याच्या झाकणाची कड ब्लेडसारखी असते, तोंडात बोटं घालून गळ शोधणाऱ्यांची बोटं मी पाहिलीत. चोच लांब आणि निमुळती असू दे, पण टोकाशी इतकी बारीक नको की पिळताना वाकेल.

(ठाणे, जांभळी नाक्यामागची गल्ली. हार्डवेअरचं दुकान.)

इथे दुकानदार आधी विचारतो, "नोज प्लायर का?" हो, दिसायला तीच. इलेक्ट्रिशियनची नोज प्लायर आणि फिशिंगची पक्कड यांच्यात काय फरक, असं सगळे विचारतात, म्हणून आम्ही एक बादली भरली.

(कोपरखैरणे, गच्ची. टाइमलॅप्स.)

बादलीत खाडीचं पाणी, दिवाळ्याहून कॅनमधून आणलेलं. तीन पकडी बुडवल्या, रात्रभर ठेवल्या, सकाळी बाहेर काढून मुद्दाम न धुता गच्चीवर सोडल्या. पहिली काळी, साध्या कार्बन स्टीलची. दुसरीवर "स्टेनलेस" कोरलेलं. तिसरी निळ्या अ‍ॅल्युमिनियमची, छान हलकी, फोटोत सगळ्यात देखणी.

पहिल्या दिवशी काळी गेली. बघा कसा रंग चढतोय, गेरू लावल्यासारखा, हा शॉट मला इतका आवडला की एडिटिंगमध्ये कापवेना. दुसरीचं बाहेरून काही झालं नाही आणि मी मनात म्हटलं, जिंकली. मग ती उघडायला गेलो तर करकर. आता इथे थोडं थांबतो. स्टेनलेसला गंज येत नाही हे अर्धंच खरं आहे. त्यातल्या क्रोमियममुळे वर एक अगदी पातळ थर बनतो आणि तो लोखंडाला झाकतो, ओरखडा पडला तर हवेतल्या ऑक्सिजनने परत भरून येतो. खाऱ्या पाण्यातलं क्लोराइड नेमकं या थरालाच फोडतं. उघड्यावर तो भरून येतो, पण सांध्याच्या फटीत पाणी अडकून बसतं, तिथे ऑक्सिजन पोचत नाही, म्हणून पक्कड आतून मरते आणि बाहेरून चकाचक दिसते. दुकानात सांधा उघडझाप करून बघायचा तो यासाठी. खडखड नको, आणि इतका घट्टही नको की एका हाताने उघडेना.

अजून एक गैरसमज, चुंबकाचा. स्टेनलेसला चुंबक चिकटत नाही म्हणून दुकानात चुंबक घेऊन जाणारे आहेत (मीपण होतो). ३०४ आणि ३१६ नंबरचं स्टील सहसा चिकटत नाही, ३१६ मध्ये २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं म्हणून ते खाऱ्या पाण्यात जास्त टिकतं, सगळं खरं. पण ही दोन्ही स्टीलं तापवून कडक करता येत नाहीत, म्हणजे त्यांची धार लवकर जाते. ४२० नंबरचं कडक होतं, धार धरतं, आणि त्याला चुंबक मस्त चिकटतं. गंजाच्या बाबतीत मात्र ते ३१६ पेक्षा कच्चं. त्यामुळे चुंबक चिकटला म्हणून दुकानदाराशी भांडू नका.

निळीवर तिसऱ्या दिवशी स्क्रूभोवती पांढरी पावडर दिसायला लागली, दिसली ना? अ‍ॅल्युमिनियम आणि स्टील एकमेकांना लागून खाऱ्या पाण्यात राहिले की अ‍ॅल्युमिनियम आधी खाल्लं जातं. रंगाचा थर चांगला असेल तर बराच काळ निभतं, उडाला तर तिथून सुरुवात. टायटॅनियमच्या पकडी येतात, त्यांना हे काही होत नाही, पण किंमत ऐकून आम्ही कॅमेरा बंद केला.

(पुन्हा दुकान. दोऱ्याचं क्लोजअप.)

आता मुख्य गोष्ट, कटर. पक्कड घ्यायला जाताना खिशात वीतभर ब्रेडचा, म्हणजे विणलेला, मासेमारीचा दोरा ठेवा. साधा तंगूस काय, कशानेही तुटतो, नखं कापायच्या नेलकटरनेही. ब्रेड म्हणजे पॉलिएथिलीनचे बारीक धागे विणलेले असतात, गुळगुळीत आणि चिवट, कटरच्या दोन पात्यांमध्ये केसाएवढी फट असली तरी दोरा त्या फटीत वाकून बसतो आणि तुटतच नाही, नुसता पिंजारतो. हे बघा, ही पहिली. दाबली, सोडली, दोरा तसाच, शेंडीला कापूस. दुसरी, तिसरी, तेच. दुकानदार आता वैतागलाय, ते पण शूट झालंय. चौथी. कट्. एकाच दाबात, ताण न देता, लोंबता दोरा.

दोरा नसेल तर पक्कड मिटून ट्यूबलाइटसमोर धरा. पात्यांमधून उजेडाची रेघ आली की परत ठेवा. पाती स्क्रूने बसवलेली असतील तर चांगलं, धार गेली की बदलता येतात. टंगस्टन कार्बाइडची असली तर बराच काळ बघायला नको, फक्त जाड गळाची तार त्याने कापू नका, कडक असतं तसं ठिसूळही असतं, कपचा उडतो.

कटरवर एवढं का अडून बसलोय?

(ठाणे खाडीचा काठ. तिवर. बगळा.)

कारण दोरा तुटला नाही की माणूस हाताला गुंडाळून ओढतो आणि उरलेला तिथेच टाकतो. या खाडीचा एक भाग २०१५ पासून फ्लेमिंगो अभयारण्य, २०२२ पासून रामसर यादीत (जगभरातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांची यादी), आणि टाकलेला दोरा भरतीबरोबर तिथे पक्ष्यांच्या पायाशी येतो. पुढे जाऊ.

(जेट्टी. दुपार.)

बाकीचं भरभर. चोचीच्या टोकाला छोटा दात असेल तर लुअरची (नकली आमिषाची) स्प्लिट रिंग, ती किचेनसारखी छोटी कडी, उघडता येते, नाहीतर नखं तुटतात. स्प्रिंगने आपोआप उघडणारी असू दे, एक हात माशात असतो. मुठीचं रबर ओल्या हाताने दाबून बघा, दुकानात कोरड्या हाताला सगळंच ग्रिप वाटतं. गळाला टोकाजवळ जो उलटा दात असतो, बार्ब, तो याच पकडीने दाबून सपाट करता येतो, मग लहान मासा सोडताना त्याचं तोंड फाटत नाही. आणि दोरी. पकडीला दोरी हवीच. सारसोळे जेट्टीवर माझी एक चिखलात गेली, वर पडली तेव्हा दिसत होती, हात घालेपर्यंत नव्हती.

घरी आलं की गोड्या पाण्याने धुवायची, पाण्यातच चार-पाच वेळा उघडमीट करायची म्हणजे सांध्यातलं खारं निघतं, पुसून सांध्यात शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब. खोबरेल नको, चिकट होतं.

(नाखव्यांचा हात, पुन्हा.)

चौथीच घेतली. नाखव्यांना दाखवली तर त्यांनी चोच बघितली नाही, स्टील बघितलं नाही, होडीत पडलेला ब्रेडचा तुकडा उचलून कापला. दोन्ही तुकडे शर्टाच्या खिशात टाकले.

"केवड्याला दिली?"

सांगितलं.

"अर्धा जाला आला असता त्यात."