फळीला मोकळं राहू द्या

मंडळी, नमस्कार. पत्रिकेत विषय छापलाय 'फ्लॅटमध्ये चिनी फर्निचर कसं मांडावं'. ते वाचून एका मैत्रिणीचा फोन आला. "अगं, चिनी वस्तू म्हणजे दिवाळीची माळ. तिसऱ्या दिवशी अर्धी बंद. त्यावर तासभर काय बोलणार तू?" मी म्हटलं, ये आणि पुढच्या रांगेत बस. आलीये. (हशा)

तर माळ नव्हे. मी बोलणार आहे ते मिंग काळातल्या, म्हणजे 1368 ते 1644 मधल्या सामानाबद्दल आणि त्यानंतरच्या छिंग काळाबद्दल. त्या खुर्च्या आजही धड उभ्या आहेत. बसलं तर मोडायच्या नाहीत, पण बसू देत नाहीत, कारण त्या संग्रहालयात आहेत.

मांडणीकडे येतेच, पण आधी माझ्या टेबलाचं सांगते. ह्यांच्या नोकरीमुळे आम्ही साडेतीन वर्षं शांघायला होतो. तिथं जुन्या बाजारात मला एक टेबल आवडलं. सहा फूट लांब, रुंदी जेमतेम सव्वा फूट, दोन्ही टोकं होडीसारखी वर वळलेली. असली टेबलं भिंतीला लावून ठेवतात. लाकूड एल्मचं, उत्तर चीनमधलं साधं लाकूड. दुकानदार म्हणाला, दीडशे वर्षांचं. दुकानदारानं सांगितलेलं वय आणि मुलाकडच्यांनी सांगितलेला पगार, दोन्हीतून थोडं वजा करायचं असतं.

त्या टेबलात एक खिळा नव्हता. चारी बाजूंना चौकट, कोपरे कुसू-खाचेनं, म्हणजे एका लाकडाचं टोक दुसऱ्याच्या खाचेत बसवून जोडलेले, आणि मधली फळी चौकटीच्या आतल्या खाचेत नुसती सरकवलेली. चिकटवलेली नाही. शांघायच्या त्यातल्या त्यात कोरड्या हिवाळ्यात फळी आणि चौकट यांच्यात काडी जाईल एवढी फट दिसायची, पावसात ती मिटायची. लाकूड झाड असताना पाणी पितं, तसं कापल्यावरही हवेतलं पाणी पितं आणि टाकतं. त्यानं फळी रुंदीत फुगते आणि आकसते. चिनी सुतारानं ते ओळखून तिला हलायला जागा ठेवली. आपल्याकडचे जुने सुतारही हे जाणून होते. वाड्याचं जुनं दार बघा, चौकटीतली फळी बोटानं दाबली की किंचित हलते.

टेबल डोंबिवलीत आलं जुलैत. घरात दुसरंही काम चालू होतं, सुतार आला होता. मी तासभर बँकेत गेले. परत आले तर तो खुशीत. "ताई, फळी हलत होती. घट्ट करून टाकली बघा." खाचेत चहूबाजूंनी सरस भरलेला, खालून आठ स्क्रू. पैसेही घेईना, म्हणाला एवढं तर आपण करतोच. आता अशा माणसावर ओरडणार कसं? फळी पावसाळ्यानं फुगलेली होती, तशीच जखडली. डिसेंबर आला, हवा कोरडी, त्यात खोलीत एसी. एका रात्री काडकन आवाज झाला. हे उठले, म्हणाले मांजर. मांजर नव्हतं. फळी मधोमध, या टोकापासून त्या टोकापर्यंत उभी चिरली होती.

मग मी वेडी झाले आणि वाचत सुटले. वांग शिश्यांग नावाचे बीजिंगचे गृहस्थ होते, 1914 सालचे. चीनमध्ये या विषयातले गुरुजीच ते. लोक मिंग काळातलं सामान मोडून विकत होते, तेव्हा ते सायकलवरून गल्ल्या फिरून गोळा करत. माओच्या सांस्कृतिक क्रांतीत सगळं जप्त झालं, पुढे परत मिळालं. घर लहान, सामान अफाट. एक काळ असा होता की ते मिंग कपाटात अंथरूण घालून झोपत. मुंबईकरांना हे सांगायला नको. पुढे त्यांच्या संग्रहातल्या 79 वस्तू शांघायच्या संग्रहालयात गेल्या. मी तिथं तासन् तास उभी असायची. पहारेकरी ओळखायला लागला होता.

आता माझा लाडका मुद्दा. चिनी माणूस मुळात खुर्चीवर बसणारा नव्हे. तो चटईवर बसायचा. आजही चिनीत अध्यक्षाला 'चूशी' म्हणतात, त्यातला 'शी' म्हणजे चटई. आपण 'गादीवर बसला' म्हणतो, तसंच. खुर्ची तिथं घरोघरी रुजली ती सोंग काळापर्यंत, म्हणजे दहाव्या ते तेराव्या शतकात. शेजारचे जपान आणि कोरिया जमिनीवरच राहिले. मग चीनच का उठला? एक मत असं की उंच आसनाची सवय बौद्ध मठांतून आली, आणि मठांत ती आली भारतातून. सातव्या शतकात इ-त्सिंग नावाचा चिनी बौद्ध भिक्षू नालंदेला होता. तो लिहितो की इथले भिक्षू जेवताना वेगवेगळ्या लहान आसनांवर बसतात, सुमारे सात इंच उंच, फूटभर चौरस, वर वेत विणलेला. पाटच की हो! आणि मांडी घालून, गुडघ्याला गुडघा लावून जेवायला बसणाऱ्या आपल्याच देशबांधवांना तो नावं ठेवतो. म्हणजे चिनी प्रवासी चिन्यांना सांगतोय की मांडी घालू नका, भारतीयांसारखे पाय सोडून बसा. माझ्या आजीला हे कळलं असतं तर तिनं त्याला पंगतीतून उठवलं असतं.

अजून एक. कित्येक चिनी टेबलांना पृष्ठभागाखाली कंबर असते, आत घेतलेली पट्टी. ती आली बुद्धमूर्तीच्या पीठावरून, आणि त्या पीठाचं चिनी नाव सुमेरू पर्वतावरून. छिंग बादशहांचं आवडतं लाकूड त्झीतान, म्हणजे आपलं रक्तचंदन. ते वाढतं आंध्रातल्या डोंगरांत. आपण त्याची बाहुली सहाणेवर उगाळून सुजेवर लावतो, त्यांनी सिंहासनं केली. तस्करीच्या बातम्या येतात त्या याच लाकडाच्या.

चिठ्ठी आली. पाच मिनिटं. म्हणजे छापलेला विषय आता.

चीनमधल्या सूचौ शहरातला वन चन-हंग नावाचा रसिक सतराव्या शतकात लिहून गेला की अभ्यासिकेत चार खुर्च्या आणि एक दिवाण, बस. हॉल दहा बाय पंधराचा असेल तर एकच चिनी वस्तू घ्या, फार तर खुर्च्यांची जोडी आणि मध्ये चहाचं उंच तिपाईवजा टेबल. सोफासेट, शोकेस आणि वर ड्रॅगन असं केलंत तर हॉटेल होतं. लाल रंगाचं, गोल पितळी कुलूपपट्टीचं लग्नातलं कपाट घ्यायचं तर भिंत पांढरी ठेवा. लिफ्ट मोजा. जोडकामाचा पलंग सुटा होऊन येतो, कपाट बहुधा येत नाही. घेताना टेबलाखाली वाकून बघा. फळी वरून म्हातारी आणि खालून कोवळी दिसली तर पाय जुने असले तरी फळी नवी. ऊन आणि एसीचा झोत यांपासून लांब. चकचकीत पॉलिश नको, कोरड्या फडक्यानं पुसा. लांब टेबलावर टीव्ही ठेवायचा तर ठेवा, वायरीसाठी भोक पाडू नका. उत्तर चीनमध्ये विटांच्या ऊबदार ओट्यावर, खांगवर ठेवायचं बुटकं टेबल मिळतं. आपल्या भारतीय बैठकीत ते चौरंगासारखं बसतं, आणि माझ्या मते फ्लॅटसाठी सगळ्यात शहाणी खरेदी तीच. दिशा कुठली हे मला विचारू नका, हसऱ्या बुद्धाचं तर नकोच.

माझं टेबल? स्क्रू काढले, सरस खरवडला, चीर तशीच ठेवली. तीत नातू बसची तिकिटं खोचतो. प्रश्न बाहेर चहाला विचारा. तिथलं टेबल प्लायचं आहे, येतानाच वाकून बघितलं मी.