आधी चुकवा, मग जुळवा

[दृश्य: खोडद. जीएमआरटीच्या तबकड्या वळताना.]

पुण्याहून नाशिक रस्त्याने नारायणगाव, तिथून आत खोडद. इथे शेतांच्या मधोमध 45 मीटर व्यासाच्या तबकड्या दिसतात. एकूण 30 तबकड्या, पण मिळून रेडिओ दुर्बीण एकच, जीएमआरटी. तिच्यावर वेळ मागणारे मात्र जगभरचे. कुणाचा पल्सार, म्हणजे ठरावीक लयीत रेडिओ स्पंद देणारा तारा, पहाटेच क्षितिजावर येतो, तर कुणाला कमी वारंवारितेसाठी रात्रच हवी, कारण आयनांबर, म्हणजे वातावरणाचा वरचा विद्युतभारित थर, तेव्हा जरा शांत असतं. या सगळ्यांना एका वेळापत्रकात बसवायचं, हा पेच.

अवकाशातल्या हबल दुर्बिणीपुढे हाच पेच जास्त बिकट होता. सुमारे 95 मिनिटांत एक प्रदक्षिणा, आणि त्यातही पुष्कळ वेळ पृथ्वीच आडवी येणार. एका आठवड्याचं वेळापत्रक बसवायला तीन आठवडे लागायचे!

[दृश्य: कागदावर तासांचे चौकोन, काही लाल.]

आपण वेळापत्रक कसं करतो? पहिला तास बसवतो, मग दुसरा. अडलं की मागे येऊन खोडतो. हबलसाठी उलटं केलं गेलं. आधी सगळे चौकोन भरून टाकायचे, चुकीचे का असेनात. मग ज्यांची टक्कर होतेय त्यांतलं एक निरीक्षण चिठ्ठी टाकून उचलायचं आणि कमीत कमी टकरी होतील अशा जागी ठेवायचं. पुन्हा चिठ्ठी. तीन आठवड्यांचं काम दहाएक मिनिटांवर आलं. स्टीव्हन मिंटन, मार्क जॉन्स्टन आणि सहकाऱ्यांनी ही रीत तपासून मांडली, नाव ‘मिन-कॉन्फ्लिक्ट्स’, म्हणजे कमीत कमी टकरी.

चिठ्ठी कशाला? नेहमी उत्तमच चाल निवडणारा प्रोग्राम एका जागी घोटाळत बसतो, कारण तिथून कुठेही हललं तरी आधी बिघडतंच. म्हणून 1990च्या दशकातली ‘वॉकसॅट’ ही अशीच शोधाची रीत अधूनमधून मुद्दाम आंधळं पाऊल टाकते. तिच्या कर्त्यांपैकी एक ब्रॅम कोहेन. हो, पुढे फाइल वाटपाचं बिटटोरंट काढणारा तोच.

एक उणीव मात्र मोठी आहे. उत्तर सापडलं नाही, तर ते मुळात नाहीच की शोधायचं राहिलं, हे ही रीत सांगू शकत नाही. अमेरिकेत 2016-17 मध्ये टीव्ही केंद्रांना कमी वाहिन्यांत, म्हणजे प्रक्षेपणाच्या कमी पट्ट्यांत, दाटीवाटीने बसवण्यासाठी लिलाव झाला. प्रत्येक केंद्रामागे तोच प्रश्न: हे उरलेल्या वाहिन्यांत मावेल का? म्हणून तिथे चिठ्ठीवर चालणाऱ्या, यादृच्छिक शोधासोबत ‘मावत नाही’ हे सिद्ध करू शकणारे प्रोग्रामही जोडीला होते. मला हीच जोडी शहाणपणाची वाटते. कॉलेजच्या वेळापत्रकाला एकटी चिठ्ठी पुरते, कारण तिथे थोडं वाकडं चालतं.

[दृश्य: हिंजवडी, रात्र. पडद्यावर सरकणाऱ्या ओळी.]

हिंजवडीत चिपची पडताळणी करणारे अभियंते याच चिठ्ठीचा वेगळा उपयोग करतात. ते चाचण्या हाताने लिहीत बसत नाहीत, अटी लिहितात: पत्ता चारच्या पटीत हवा, पॅकेट अमुक लांबीपर्यंतच. अटी पाळणारी यादृच्छिक उदाहरणं सॉल्व्हर, म्हणजे अटींत बसणारी उत्तरं शोधणारा प्रोग्राम, रात्रभर पाडत राहतो. माणसाला सुचलीच नसती अशी विचित्र जुळणी त्यात निघते आणि चिप अडखळते. सकाळी पहिला प्रश्न असतो, “सीड कुठला होता?” सीड म्हणजे यादृच्छिक निवडी ज्यावरून सुरू होतात तो आकडा. तो पुन्हा दिला की रात्रीचा तोच योगायोग जसाच्या तसा परत घडवता येतो.