छत्रीचं आत्मवृत्त

(दृश्य: नोव्हेंबरची सकाळ. प्रयाग चिखलीच्या रस्त्यावर उसानं भरलेली ट्रॉली. शेताच्या कडेला गुऱ्हाळाचा धूर.)

कोल्हापुरात नोव्हेंबर लागला की हवेला काकवीचा वास येतो. गुऱ्हाळं पेटलेली असतात, कारखान्यांच्या दारात ट्रॉल्यांची रांग लागलेली असते. याच दिवसांत, मंगळवार पेठेतल्या एका जुन्या घराच्या माडीवर, दर रविवारी सकाळी चार-पाच मुलं वह्या घेऊन बसतात. समोर एक निवृत्त इंग्रजीचे शिक्षक. फी नाही, पाटी नाही. मुलं त्यांना नुसतं 'सर' म्हणतात, आम्हीही तेच म्हणू.

इथं मुलं निबंध लिहायला येतात, पण परीक्षेचा नव्हे. देशातले आणि परदेशातले काही उन्हाळी अभ्यासक्रम मोजक्याच मुलांना घेतात, आणि कुणाला घ्यायचं ते ठरवताना मुलानं स्वतःबद्दल, स्वतःच्या विचारांबद्दल काय लिहिलंय ते वाचतात. त्या अर्जाचे हे निबंध.

(दृश्य: माडीचा लाकडी जिना. वर चढणारी, दोन वेण्या घातलेली मुलगी. हातात दोनशे पानी वही.)

ही चिखलीची. अकरावीत आहे. घरी चार म्हशी, दीड एकर ऊस. सकाळी डेअरीत दूध घालायचं, मग एसटीनं कॉलेज, आणि दुपारी वेळ मिळाला तर करवीर नगर वाचन मंदिरात. १८५० साली सुरू झालेलं हे वाचनालय अजूनही कोल्हापूरच्या कितीतरी मुलांना घरापेक्षा शांत वाटतं. तिथल्याच एका मैत्रिणीकडून तिला टेल्युराइड असोसिएशन या अमेरिकेतल्या संस्थेच्या उन्हाळी सेमिनारबद्दल कळलं. तिथल्या विद्यापीठाच्या आवारात महिनाभराहून जास्त राहायचं, रोज सकाळी प्राध्यापकांबरोबर वाचलेल्या मजकुरावर चर्चा करायची. मार्क नाहीत, परीक्षा नाही. शिकणं, पुस्तकं, राहणं, जेवण सगळं मोफत.

तिच्या वडिलांना शेवटचं वाक्य पटेना. ते माडीवर आले आणि उभ्याउभ्याच म्हणाले, "सर, फुकट कोण देतंय हो आजकाल? काय भानगड तर न्हाई न्हवं?"

सरांनी त्यांना खाली बसवलं, चहा दिला आणि अमेरिकेच्या कोलोराडो राज्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगितली. एल. एल. नन. १८९१ साली टेल्युराइड गावाजवळ एम्स इथं त्यानं पाण्याच्या जोरावर चालणारं वीजकेंद्र उभं केलं आणि तारेवरून काही मैल लांबच्या खाणीला वीज पुरवली. एसी वीज इतक्या लांब नेऊन उद्योगाला वापरण्याचा जगातल्या अगदी पहिल्या प्रयोगांपैकी तो एक. केंद्रावर काम करणारी पोरं नुसती फिटर होऊन राहू नयेत, वाचती-बोलती व्हावीत, म्हणून त्यानं त्यांच्या शिक्षणाची सोय केली. १९११ मध्ये त्यातूनच टेल्युराइड असोसिएशन झाली, आणि १९५४ पासून शाळकरी मुलांसाठी उन्हाळी वर्ग.

"आपल्या शाहू महाराजांनी १९०१ ला व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग काढलं," सर म्हणाले, "मग एकेका समाजाच्या मुलांसाठी वसतिगृहं उभी राहिली. तेव्हाही कुणी ना कुणी म्हणालंच असेल, फुकट कोण देतंय."

वडील काही बोलले नाहीत. पण पुढच्या रविवारी मुलीला सोडायला स्वतः मोटरसायकलवरून आले.

(दृश्य: वहीचं पहिलं पान. निळ्या शाईतलं वळणदार अक्षर.)

तिचा पहिला खर्डा महापुरावर होता. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगा राजाराम बंधाऱ्यापाशी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी आहे ४३ फूट. चिखली पाण्यात गेली, माणसं बोटीतून बाहेर काढावी लागली. एवढं सगळं जिनं पाहिलं, तिनं काय लिहिलं होतं? "निसर्गापुढे मानव हतबल आहे. या महापुराने आपल्याला माणुसकीचे दर्शन घडवले."

सरांनी पेन्सिलीनं दोन शब्दांभोवती गोल केला. 'मानव' आणि 'आपल्याला'.

इथं मला थोडं माझं सांगायचं आहे, कारण त्या गोलात मीही सापडलो. आम्ही सगळे असंच लिहायला शिकलो. आठवीत मी 'फाटक्या छत्रीचे आत्मवृत्त' लिहून वर्गात पहिला आलो होतो. मी छत्री झालो, नदी झालो, शाळेतला फळा झालो, बंद पडलेलं घड्याळही झालो. सूर्य उगवला नाही तर काय होईल हे दोन पानं भरून सांगितलं. त्या सगळ्या निबंधांत 'मी' होता, पण तो कधीच मी नव्हतो. एकदाच, 'माझा आवडता सण' या विषयावर मी खरं लिहिलं, की वडील गिरणीत रात्रपाळीला असायचे म्हणून आमच्याकडे दिवाळीची पहिली आंघोळ दुपारी व्हायची. त्यावर लाल शाईत शेरा आला, 'विषयाला धरून नाही'. पुन्हा मी तसं लिहिलं नाही. मराठी शाळेतली आत्मवृत्तं वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. वस्तूच्या जागी जाऊन बघायला ती शिकवतात. पण छत्रीच्या तोंडून झरझर बोलणारं पोर स्वतःच्या तोंडून बोलायला लागलं की अडखळतं, हे मी त्या माडीवर रविवारमागून रविवार पाहिलं, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं.

(दृश्य: सर आणि मुलगी समोरासमोर. खिडकीतून ऊन.)

सरांनी वही मिटली. "लिहू नको. सांग. पाणी आलं तेव्हा तू कुठं होतीस?"

"गोठ्यात होतो सर. आज्जीबरोबर म्हशींची दावी सोडत होतो. आज्जी म्हणाली, तू हो म्होरं, मी न्हाई येत. मी म्हणालो, तू आल्याबिगर मी हलतच न्हाई..." आणि ती मध्येच थांबली. कानापर्यंत लाल झाली. "होते. सोडत होते. म्हणाले."

कोल्हापूरच्या माणसाला यात काही वेगळं ऐकू येणार नाही. आमच्याकडच्या कितीतरी बायका, मुली 'मी आलो', 'मी जातो' असंच म्हणतात. आया म्हणतात, आज्ज्या म्हणतात. पुस्तकातल्या मराठीत बाईनं 'आले', 'जाते' म्हणायचं असतं, एवढाच फरक. पण सरांना ते थांबणं ऐकू आलं.

"का बदललंस?"

मग हळूहळू बाहेर आलं. सहावीत असताना ती पुण्याला मावसबहिणीच्या लग्नाला गेली होती. 'मी जेवलो' म्हणाली, आणि ताटावरच्या सगळ्या पोरी हसल्या. तेव्हापासून तिची दोन मराठी झाली, गोठ्यातली आणि बाहेरची. फोन उचलताना समोर कोण आहे ते बघून ती 'मी'चं क्रियापद ठरवते. हे तिनं आजवर कुणालाच सांगितलं नव्हतं, कारण ही सांगण्यासारखी गोष्ट आहे असंच तिला वाटलं नव्हतं.

"हा तुझा निबंध," सर म्हणाले.

"ह्यात काय हाय सर? पुरात निदान काहीतरी घडलं तरी."

(दृश्य: एसटी. खिडकीशी वही मांडीवर घेऊन लिहिणारी मुलगी.)

पुढचे पाच आठवडे आम्ही कॅमेरा घेऊन तिच्या मागे होतो. खरं काम इथं झालं, म्हणून इथं जरा थांबतो.

सरांचा पहिला नियम, आधी मराठीत लिहायचं, तेही घरी बोलतो तसं. इंग्रजी नंतर. इंग्रजीत आधी लिहायला बसलं की पोरं येणारी वाक्यं लिहितात, वाटणारी नाही. दुसरा खर्डा तिनं आज्जीला वाचून दाखवला. आज्जीनं भाकरी थापताथापता ऐकला आणि एका जागी हात थांबवून म्हणाली, "असं न्हवतं झालं. तू रडली न्हाईस. तू चिडलीस." तिनं अश्रूंचं वाक्य खोडलं. पुण्यातल्या त्या पंगतीत ती खरंच चिडली होती, रडली नव्हती.

तिसऱ्या खर्ड्यात ती भांडायला निघाली होती. कोल्हापूरची भाषाच रांगडी, खरी, बाकीचे खोटे. सरांनी विचारलं, "तुझी मावसबहीण हे वाचून काय म्हणेल?" मुलगी म्हणाली, "म्हणेल, हे व्याकरणात बसत नाही. बाईनं बाईसारखं बोलावं." "मग तिला नीट बोलू दे की निबंधात. दुबळं करून नको मांडूस." तो आठवडा तिला सगळ्यात जड गेला. पण लिहितालिहिता तिला एक प्रश्न सापडला. 'आले' म्हणताना मी बाई आहे हे मला प्रत्येक वाक्यात सांगावं लागतं, 'आलो' म्हणताना लागत नाही. मग माझ्या आज्जीच्या तोंडातला 'आलो' पुरुषाचा आहे, की नुसता माणसाचा?

मला विचाराल, तर त्या एका प्रश्नासाठी हा सगळा खटाटोप सार्थकी लागला.

तिच्या आईचं माहेर निपाणीकडचं, घरात कन्नड कानावर पडतं. कन्नडमध्ये 'मी आलो' आणि 'मी आले' यांना एकच रूप आहे, 'बंदे'. तिनं लगेच लिहून टाकलं की आमचा 'आलो' कन्नडमधूनच आला. सरांनी समासात लिहिलं, 'माहीत आहे, की वाटतंय?' तिनं बदललं, 'मला असं वाटतं, पण मी ते तपासलेलं नाही. मला तपासायचं आहे.' अर्ज वाचणारा या वाक्यापाशी थांबेल असं मला वाटतं. सगळं येणारं मूल शोधायला सेमिनार कशाला भरवायचा?

मग इंग्रजी. तिथं नवीनच पेच. इंग्रजीत 'आय केम' बाईचंही तेच, पुरुषाचंही तेच. जो फरक सांगायचा, तो भाषांतर करताच नाहीसा होतो. तिनं 'आलो' आणि 'आले' रोमन लिपीत तसेच ठेवले आणि दोन साध्या वाक्यांत समजावले. 'दावं' कसं सांगावं यावर एक अख्खा रविवार गेला. शेवटी लिहिलं, म्हशीच्या गळ्यातला दोर. एवढ्यानं भागलं.

त्याच दिवसांत तिच्या एका चुलत्यानं मोबाइलवरच्या अ‍ॅपमधून याच विषयावरचा तयार निबंध काढून पाठवला. मिनिटाभराचं काम. मी दोन्ही वाचले. तयार निबंधात एकही चूक नव्हती. गोठाही नव्हता, आज्जी नव्हती, आणि ती पंगतही नव्हती. मुलीनं तो एकदा वाचला, म्हणाली, "हे कुणाचंबी असू शकतंय," आणि पुसून टाकला.

(दृश्य: माडीवर लॅपटॉपभोवती सगळे.)

माडीवर बीएस्सीचा एक विद्यार्थीही येतो. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून जी उन्हाळी संशोधन फेलोशिप देतात, तिच्यासाठी. दोन महिने एखाद्या शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम. त्याच्या टिपणातून 'मला लहानपणापासून विज्ञानाची आवड आहे' हे वाक्य गेलं आणि प्रयोगशाळेत तीनदा फसलेला एक प्रयोग आला. त्याचं काम पटकन झालं.

मुलीचा अर्ज डिसेंबरच्या तोंडावर गेला. निबंधातून निवडलेल्यांची पुढे मुलाखत होते. झाली निवड, तर तिथला उन्हाळा म्हणजे इथले जून-जुलै, पंचगंगेचं पाणी चढायचे दिवस. घरी म्हशी कोण सोडणार, हे आज्जीनं आत्ताच विचारून ठेवलंय.

(दृश्य: पुढचा रविवार. तीच माडी. नवीन मुलगा, कान मोडलेले, हाताला लाल माती.)

हा तालमीतला पोरगा. पहिल्याच पानावर लिहून आणलंय, 'कुस्ती ही महाराष्ट्राची गौरवशाली परंपरा आहे.'

सर विचारतात, "तुमच्या आखाड्यातली माती कशी तयार करतात रे?"

"ती व्हय? ताक घालतात सर. तेल, लिंबू, हळद. मग खोऱ्यानं वरखाली करायची, रोज. ते काम नव्या पोराचं. मी सहा महिने नुसती मातीच उकरली, वस्तादांनी लंगोट बांधू दिला न्हाई. लई राग यायचा. मग एक दिवस माती हातात घेतली आणि कळलं, आज ताक कमी पडलंय..."

सर वही त्याच्याकडे सरकवतात. तो वहीकडे बघतो, मग सरांकडे.

"हे चालतंय व्हय सर?"