बोल्ट जाम का होतो?

नमस्कार श्रोतेहो.

ॲल्युमिनियमच्या भागात आवळलेला स्टेनलेसचा बोल्ट काही वर्षांनी खोलायला घेतला, पान्यावर जोर दिला आणि नुसतं डोकंच तुटून हातात आलं, हा प्रसंग दुरुस्तीचं काम करणाऱ्यांना नवा नाही. शिव्या बोल्टला बसतात. तुटलेला तुकडा निरखून पाहा, तो बहुधा चकचकीतच असतो. कुजलेलं असतं ते त्याच्याभोवतीचं ॲल्युमिनियम.

दोन वेगळे धातू एकमेकांना टेकलेले आणि दोघांवर मिळून खारट ओल, एवढं जमलं की तिथे एक बारीकशी बॅटरी सुरू होते. जोडीतला जास्त सक्रिय धातू झिजतो, दुसरा वाचतो. समुद्राच्या पाण्यात हा क्रम साधारण असा लागतो: सर्वांत आधी झिजणारं मॅग्नेशियम, मग जस्त, ॲल्युमिनियम, साधं पोलाद, पितळ नि तांबं, स्टेनलेस, टायटॅनियम आणि शेवटी ग्राफाइट. क्रमात जेवढं अंतर जास्त, तेवढा धोका मोठा. झिजलेल्या ॲल्युमिनियमची पांढरी भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. ती आट्यांमध्ये ठासून बसते आणि बोल्ट हलेनासा होतो.

कोणत्या धातूचा पृष्ठभाग किती मोठा, हेही बघावं लागतं. ब्रिटिश नौदलाने 1761 साली ‘अलार्म’ या लढाऊ जहाजाच्या तळाला तांब्याचे पत्रे लोखंडी खिळ्यांनी ठोकले. दोनेक वर्षांनी तपासलं तर बरेचसे खिळे गंजून गेले होते. पत्र्यांसोबत आलेला तपकिरी कागद जिथे खिळा आणि पत्र्याच्या मध्ये राहून गेला होता, तिथले खिळे मात्र शाबूत होते. भलंमोठं तांबं आणि इवलासा लोखंडी खिळा, म्हणजे सगळा मारा त्या खिळ्यावर. म्हणून स्टेनलेसच्या पत्र्याला ॲल्युमिनियमचे रिव्हेट मारणं हा वेडेपणा आहे. उलट जोडी, म्हणजे मोठ्या ॲल्युमिनियममध्ये छोटा स्टेनलेस बोल्ट, त्या मानाने निभावते. पण आट्यांच्या फटीत पाणी साचून राहत असेल, तर तिथलं नुकसान टळत नाही.

रंगाच्या बाबतीतही हाच हिशेब, आणि इथे भलेभले चुकतात. झिजणाऱ्या धातूला रंग द्यायचा आणि दुसरा उघडा ठेवायचा, हे सुचायला सोपं आहे. पण त्या रंगाला ओरखडा गेला की सगळी झीज त्या चिमुकल्या जागी एकवटते आणि खोल खड्डा पडतो. दोन्हींना रंग द्या. एकालाच देणं शक्य असेल तर तो न झिजणाऱ्याला द्या.

बोल्ट आरपार जात असेल तर धातू वेगळे ठेवता येतात. नुसता डोक्याखाली प्लॅस्टिकचा वॉशर घालून भागत नाही, कारण बोल्टची दांडी भोकाच्या कडेला टेकतेच. एम-8, म्हणजे 8 मिलिमीटर व्यासाच्या बोल्टवर एक मिलिमीटर जाडीची प्लॅस्टिकची नळी चढवायची असेल तर भोक 10 ते 10.5 मिलिमीटरचं पाडा आणि दोन्ही बाजूंना वीज न वाहणारे वॉशर घाला. नायलॉन दाबाखाली हळूहळू चेपतं आणि बोल्ट ढिला पडतो, त्यामुळे भार घेणाऱ्या सांध्यात काचतंतू-इपॉक्सीचा वॉशर आणि त्यावर धातूचा रुंद वॉशर बरा. आवळून झाल्यावर, बाकीची जोडणी करण्याआधी, मल्टिमीटरचं एक टोक बोल्टला, दुसरं ॲल्युमिनियमला लावून वीज जाते का बघा. बीप वाजला तर कुठेतरी स्पर्श राहिलाय.

आटे थेट ॲल्युमिनियममध्येच पाडलेले असतील तर नळी घालता येत नाही. तिथे लेप हाच उपाय. आटे तारेच्या ब्रशने आणि सॉल्व्हंटने साफ करा, वाळू द्या, मग जस्ताचा किंवा धातूविरहित अँटी-सीझ (आटे जाम होऊ न देणारा) लेप आट्यांवर आणि डोक्याखालच्या चकतीवर पातळ पसरवा. ओल्या, खारट जागी तांब्याचा किंवा ग्राफाइटचा लेप इथे नको. तांबं आणि ग्राफाइट दोन्ही त्या क्रमात ॲल्युमिनियमच्या कितीतरी पुढे आहेत. भोक बंद असेल तर लेप फक्त बोल्टला, तोही बेताने. तळाशी कोंडलेल्या लेपावर बोल्ट दाबला गेला की ओतीव भागाला तडा जाऊ शकतो.

लेप लावला की घर्षण घटतं आणि तेवढ्याच टॉर्कला, म्हणजे पान्याच्या तेवढ्याच पिळाला, बोल्ट जास्त ताणला जातो. टॉर्कचा गुणांक, म्हणजे घर्षणावर ठरणारा आकडा, कोरड्या आट्यांना 0.2 आणि लेपाला 0.15 धरला, तर कोरड्या आट्यांसाठीचे 20 न्यूटन-मीटर 15 वर आणावे लागतील. कंपनीने दिलेला आकडा आधीच वंगण लावलेल्या आट्यांसाठी असेल, तर पुन्हा कमी करायचा नाही.

दुसरी अडचण अगदी वेगळी. स्टेनलेसच्या बोल्टवर स्टेनलेसचाच नट अर्ध्यात जातो आणि जागीच घट्ट धरतो. याला ना मीठ लागतं, ना वर्षं. स्टेनलेसवरचा ऑक्साइडचा पातळ थर घासून निघतो, उघडा धातू उघड्या धातूला चिकटतो आणि पुढे प्रत्येक फेरीत आटे फाटत जातात. पूर्ण वेगात चालवलेला इम्पॅक्ट ड्रायव्हर हे नेहमीचं कारण. दबलेले आटे आणि नायलॉनची कडी असलेले नट त्यात भर घालतात. निकेलचा किंवा मॉलिब्डेनम डायसल्फाइडचा लेप लावा आणि पाना हाताने, सावकाश फिरवा. ए-2 आणि ए-4 हे स्टेनलेसचे दोन प्रकार; ए-2 बोल्टला ए-4 नट वापरल्याने फरक पडतो म्हणतात, पण तो थोडाच. दोन्ही एकाच कुळातले. नट जड जायला लागला की लगेच थांबा, गार होऊ द्या, उलटा फिरवा. येत नसेल तर कापा. जोर करून कुणी सोडवलेला नाही.

आणि ॲल्युमिनियममध्ये आधीच जाम बसलेला बोल्ट? आट्यांत शिरणारं तेल सोडून रात्रभर ठेवा. मग तेल नीट पुसून घ्या आणि हॉट एअर गनने बोल्टऐवजी भोवतालचं ॲल्युमिनियम तापवा. एका अंशाला ते दहा लाखांत 23 भाग पसरतं, स्टेनलेस 17 च्या आसपास, त्यामुळे पकड सैल होते. तापमान 150 अंश सेल्सियसच्या वर बराच वेळ नेऊ नका, उष्णता देऊन कडक केलेली मिश्रधातू मऊ पडते. पाना आधी किंचित आवळायच्या दिशेने, मग ढिला, असा थोडा थोडा फिरवा. डोकं तुटलंच तर मध्यावर ठळक खूण ठोका, कारण स्टेनलेस कठीण आणि ॲल्युमिनियम मऊ असल्याने ड्रिल मऊकडे सरकतं. डावी फिरकी असलेलं, म्हणजे बोल्ट ढिला होतो त्या दिशेने कापणारं बिट, कमी वेग आणि सतत दाब ठेवा. बिट नुसतं घासत राहिलं तर स्टेनलेस आणखी कडक होतं. बरेचदा भोक पाडता पाडताच तुकडा फिरून वर येतो.