संसार, सेवा, संतपद… आणि एक तक्रार

अध्यक्षमहाराज आणि मित्रहो, पत्रिकेत माझा विषय छापलाय 'संसार, सेवा आणि संतपद'. त्यावर बोलणारच आहे, त्यासाठीच तर बोलावलंय. पण आधी एक तक्रार मांडतो. बरीच वर्षं पोटात आहे.

इटलीची कॅथलिक संत जियाना बेरेत्ता मोल्ला हे नाव इथं कुणाला नवीन नाही. तिच्यावरची प्रवचनं आपण सगळ्यांनी ऐकलीयत, आणि ती सगळी सुरू होतात सप्टेंबर १९६१ पासून. चौथं मूल पोटात, दुसरा महिना सरत आलेला, गर्भाशयात गाठ निघाली. डॉक्टरांपुढे तीन वाटा होत्या: गर्भाशयच काढणं, गर्भपात करून गाठ काढणं, किंवा फक्त गाठ काढून गर्भ राखणं. तिनं तिसरी वाट धरली. २१ एप्रिल १९६२ ला, ईस्टरच्या आदल्या पवित्र शनिवारी, सिझेरियननं मुलगी झाली, आणि २८ तारखेला जियाना पोटातल्या जंतुसंसर्गानं गेली. वक्ता रुमाल काढतो, आपणही काढतो, आणि घरी जातो.

अहो, बाई ३९ वर्षं जगली! आपण हजेरी घेतो ती शेवटच्या आठ महिन्यांची. आपल्या धर्मग्रामात, म्हणजे पॅरिशमध्ये, एखादी सेवाभावी बाई गेली तरी तेच. 'पतिपरायण पत्नी, वत्सल माता, निःस्वार्थ समाजसेविका.' नाव बदललं की तेच भाषण दुसऱ्या बाईला चालतं. (हसू नका, पुढच्या रांगेतल्या दोघांनी ते दिलेलं मला माहीत आहे.) ती करत काय होती, हे कुणी सांगतच नाही.

तर ऐका. जन्म ४ ऑक्टोबर १९२२, असिसीच्या फ्रान्सिसच्या सणाच्या दिवशी, मिलानजवळच्या माजेन्ता गावी. १३ भावंडांत दहावी. विशीत आली आणि त्याच वर्षी, १९४२ मध्ये, आई गेली, पाठोपाठ वडीलही गेले. तरी १९४९ साली पाव्हिया विद्यापीठातून डॉक्टर झाली, शेजारच्या मेझेरोत दवाखाना काढला आणि १९५२ साली बालरोगतज्ज्ञही झाली. त्या काळात कॅथलिक अॅक्शन या चर्चच्या संघटनेत मुलींचे गट चालवणं आणि व्हिन्सेंट डी पॉल या संताच्या नावानं चालणाऱ्या सेवाकार्यातून म्हाताऱ्याकोताऱ्यांच्या, गरिबांच्या घरी जाणं सुरूच होतं. इथं एक गोष्ट ध्यानात घ्या. दवाखान्यात तपासायची तेही गरीब, आणि संध्याकाळी ज्यांच्या घरी जायची तेही गरीबच. ही सेवा उरलेल्या वेळातली नव्हती. पण मुद्दा पुढे येतो, घाई नको.

आता माझा आवडता किस्सा. हिला खरं तर लग्नच करायचं नव्हतं, ब्राझीलला जायचं होतं. थोरला भाऊ अल्बेर्तो कापुचिन संघाचा फादर, शिवाय डॉक्टर. तो तिकडे ग्राजाउला मिशनवर होता. त्याच्या हाताखाली काम करायचं असं हिनं मनाशी धरलेलं. बहीण व्हर्जिनियाही डॉक्टर, ती कनोशियन संघाची सिस्टर (जोगीण) होऊन कुठं गेली? आपल्या भारतात! म्हणजे मिशन हे त्या घरात रक्तातच. पण हिची प्रकृती नाजूक, तिकडची हवा मानवायची नाही, असं जाणत्यांनी बजावलं. झालं, बेत बारगळला. आणि मग भेटला पिएत्रो मोल्ला, काड्यापेट्यांच्या कारखान्यातला इंजिनिअर. (काडी पडायला याहून बरा माणूस कुठला!) २४ सप्टेंबर १९५५ ला लग्न झालं. लावलं तेही दुसऱ्या एका भावानं, फादर ज्युसेप्पेनं. या घराला फादर बाहेरून आणावे लागत नसत.

लग्नानंतर काम सुटलं का? नाही. पोन्ते नुओव्होत मातांसाठीचं सल्ला केंद्र आणि पाळणाघर तिच्याकडे होतं, शाळेतल्या मुलांना तपासणं विनामोबदला, मेझेरोचा दवाखाना वेगळाच, आणि घरात एकापाठोपाठ तीन लेकरं. शिवाय बाईंना बर्फावर स्की करायची हौस, मिलानच्या ला स्कालात संगीत ऐकायची हौस. आणि कपड्यांची! शेवटच्या गरोदरपणात पिएत्रो पॅरिसला निघाला, तेव्हा हिनं त्याला फॅशनची मासिकं आणायला सांगितली. का? आपण यातून वाचलो तर चांगले कपडे शिवता येतील म्हणून. प्रवचनातली जियाना मरायला निघालेली असते. मासिकं मागवणारी बाई जगायला निघालेली होती, आणि त्या निवडीची किंमत मला तरी त्या मासिकांमुळेच कळते.

घंटा झाली? पाच मिनिटं द्या. बरं, तीन.

मूळ विषय. संतांच्या यादीत विवाहित बायका नाहीत असं नाही. मोनिका आहे, रिटा आहे, हंगेरीची एलिझाबेथ आहे. पण बहुतेकींची ओळख विधवा किंवा मठवासिनी म्हणून. संसार हाच संतपदाचा मार्ग, हे उघडपणे मान्य व्हायला वेळ लागला. लुईजी आणि मारिया बेल्त्रामे क्वात्रोकी हे जोडपं २००१ मध्ये एकत्र 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित झालं, आणि त्यांचा सण मृत्यूच्या दिवशी ठेवला नाही, लग्नाच्या वाढदिवशी ठेवला, २५ नोव्हेंबरला. मारिया युद्धकाळात रेडक्रॉसची स्वयंसेविका होती, हे जाता जाता.

दुसरं. जियाना १९९४ मध्ये धन्य आणि १६ मे २००४ ला संत घोषित झाली. पहिल्या टप्प्यासाठी मान्य झालेला चमत्कार कुठला? ब्राझीलमधला, त्याच ग्राजाउचा! यावर वेगळं व्याख्यान होईल. अध्यक्षांनी नोंद घ्यावी.

तिसरं, पिएत्रो. बायको गेली, दोन वर्षांत सहा वर्षांची लेक मारिओलिना गेली. उरलेली तिघं त्यानं वाढवली आणि २००४ साली रोमला बायकोच्या संतपदाच्या मिस्सेला (उपासनाविधीला) बसला. जिच्यासाठी हे सारं घडलं ती धाकटी पुढे वृद्धांची डॉक्टर झाली. 'पतिपरायण' म्हणताना या पतीबद्दल एक वाक्य तरी बोला. आणि पुढच्या शोकसभेत उभं राहण्याआधी, गेलेल्या बाईच्या मैत्रिणीकडून निदान एवढं विचारून या, की ती सोमवारी सकाळी कुठं असायची आणि कशावरून चिडायची.

दिवे बंद करतायत वाटतं. प्रश्न असतील त्यांनी मला जिन्यात गाठा.